आखडलेल्या हातापायांसाठी ठरलेला एक वार

यवतमाळ जिल्ह्यात लकव्याचा झटका आलेल्या माणसाचा जीव वाचवणारे डॉक्टर आहेत. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या किलो-सव्वा किलोच्या बाळाला काचेच्या पेटीत ठेवून जगवणाऱ्या परिचारिका आहेत. पण त्याच माणसाची मूठ चार महिन्यांनी मिटून बसली, त्याच बाळाचे पाय वर्षभराने कात्रीसारखे एकमेकांवर चढू लागले, की कोणत्या दारात जायचं हे सांगणारं सहसा कोणी भेटत नाही. घरचे म्हणतात, अंग आखडलं. डॉक्टर कागदावर ‘स्पॅस्टिसिटी’ लिहितात. आणि बहुतेकदा उपचार त्या शब्दापाशीच थांबतो.

दिग्रसला माझा फिजिओथेरपीचा लहानसा दवाखाना आहे. आर्णी, महागाव, दारव्हा, पुसद आणि पलीकडच्या वाशिम जिल्ह्यातल्या मानोऱ्याकडूनही माणसं येतात. गुडघेदुखी-कंबरदुखीवाल्यांचं मी निभावून नेते. पण आखडलेल्या अंगाचा रुग्ण एकट्या फिजिओथेरपिस्टचा नसतोच. तो एकट्या हाडाच्या डॉक्टरचा नाही, एकट्या बालरोगतज्ज्ञाचाही नाही. म्हणून माझी मागणी साधी आहे: यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात महिन्यातून दोनदा, ठरलेल्या वारी स्पॅस्टिसिटीचा दवाखाना भरवा, आणि पुसद, दारव्हा, पांढरकवड्याच्या उपजिल्हा रुग्णालयांत त्याची एकेक खोली ठेवा. नवी इमारत नको. नव्या इमारतीची वाट पाहण्यात मुलांची वयं निघून जातात.

आधी हा आजार काय आहे ते सांगते, कारण त्यावरच दवाखाना कसा असावा हे ठरतं. मेंदूला किंवा मज्जारज्जूला इजा झाली की स्नायूंवरचा वरून येणारा लगाम सुटतो. स्नायू ताणला की तो उलट आवळून घेतो, आणि जितक्या झटक्याने ताणाल तितका जास्त आवळतो. हळू उकलला तर सैल होतो, ओढला तर अडतो. हे पहिल्या काही महिन्यांचं झालं. तसाच आवळलेला राहिला तर स्नायू आणि त्याची शीर खरोखरच आखूड होतात. मग तिथे गोळी चालत नाही, इंजेक्शनही चालत नाही. टप्प्याटप्प्याने प्लास्टर घालून ताणावं लागतं किंवा शस्त्रक्रिया करावी लागते. लहान मुलांत तर हाड वाढत राहतं आणि आवळलेला स्नायू मागे पडतो. म्हणून दोन वर्षांचा असताना टाच टेकवून उभा राहणारा मुलगा सातव्या वर्षी पंजांवर चालतो आणि घरचे म्हणतात, ‘आधी तर बरा होता.’ मेंदूतली इजा वाढलेली नसते. वाढ झालेली असते मुलाची, आणि मधली पाच वर्षं त्याच्याकडे कोणी पाहिलेलं नसतं.

उमरखेडकडची एक आई चार वर्षांच्या लेकराला घेऊन आली होती. सोबत सासू. ‘मॅडम, याचे पाय उकलतच नाही. लंगोट बदलाले दोन माणसं लागते,’ असं आजीच म्हणाल्या. दोघी काय करायच्या, तर घोटे धरून पाय बाजूला ओढायच्या. ओढले की पाय घट्ट व्हायचे, लेकरू रडायचं, रडलं की अंग आणखी ताठायचं. मी त्याच्या डोक्याखाली उशी सरकवली, मान थोडी पुढे आली. मग दोन्ही गुडघे वाकवून पोटाकडे नेले आणि तसेच धरून ठेवले. पाय हाताला जड व्हायचे थांबले तेव्हा गुडघ्यांच्या वरून, मांड्यांना धरून, हळूहळू बाजूला केले. घोट्याला हात लावला नाही. मांड्या उघडल्या. मग आजींना करायला लावलं. पहिल्यांदा त्यांचा हात घाईत होता, दुसऱ्यांदा जमलं. सून बघत होती. तिने न सांगता तिसऱ्यांदा स्वतः केलं. त्या कुटुंबाने तोवर दोन शहरं पालथी घातली होती. फाईल चांगली जाडजूड होती. त्यात मेंदूचा एमआरआय होता, पण लंगोट कसा बदलायचा हे कोणी दाखवलं नव्हतं, आणि कमरेचा एकही एक्स-रे नव्हता.

त्या एक्स-रेबद्दल मला मुद्दाम लिहायचं आहे. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे लहानपणीच मेंदूला झालेली इजा, असलेल्या साधारण तीन मुलांपैकी एकाचा खुबा हळूहळू वाटीतून सरकतो. न चालू शकणाऱ्या मुलांत हे प्रमाण आणखी जास्त. सुरुवातीला दुखत नाही, म्हणून कळत नाही. कळतं तेव्हा मूल बसायला नको म्हणतं, रात्री किंचाळून उठतं, आणि शस्त्रक्रिया मोठी होऊन बसलेली असते. ठरावीक काळाने कमरेचा एक साधा एक्स-रे काढून तो मागच्या एक्स-रेशेजारी ठेवून बघणं, एवढाच यावरचा पहारा आहे. एक्स-रेचं यंत्र तालुक्याच्या गावीही मिळतं. नसतो तो ‘याचा पुढचा एक्स-रे अमक्या महिन्यात’ असं वहीत लिहून ठेवणारा आणि तो महिना आला की फोन करणारा माणूस.

आता इंजेक्शनाचं. बोटॉक्स हे नाव आता खेड्यापाड्यांतही पोचलं आहे. बोट्युलिनम टॉक्सिन योग्य स्नायूत, योग्य मात्रेत दिलं की तो स्नायू सैल पडतो, यात शंका नाही. पण परिणाम काही दिवसांनी दिसू लागतो आणि साधारण तीन महिन्यांत ओसरतो. एका बाटलीला हजारो रुपये लागतात, ती फ्रिजमध्ये 2 ते 8 अंशांत ठेवावी लागते. आणि त्या तीन महिन्यांत रोज ताण दिला नाही, रात्री पट्टा बांधला नाही, उभं राहण्याचा सराव केला नाही, तर चौथ्या महिन्यात पाय पुन्हा होता तिथेच. माझ्याकडे येणाऱ्या एका शेतमजूर कुटुंबाने शेळ्या विकून एका मोठ्या शहरात मुलीला इंजेक्शन देऊन घेतलं होतं. पायाचा पट्टा कोणी मापून दिला नाही. व्यायामाचा कागद मिळाला होता, त्यावर सगळी वाक्यं इंग्रजीत. ते मुलीला घेऊन माझ्याकडे आले तोवर औषधाचा काळ संपत आला होता. मला त्या इंजेक्शनाचा राग नाही. त्याच्या आजूबाजूला जी माणसं असायला हवी होती ती नव्हती, याचा आहे.

म्हणूनच मला कोणी विचारलं की या दवाखान्यात पहिलं पद कोणाचं भरावं, तर मी डॉक्टर म्हणणार नाही. डॉक्टर महाविद्यालयात आहेतच. 1989 साली सुरू झालेल्या या संस्थेत बालरोग, अस्थिरोग, मेडिसिन असे विभाग आहेत; त्यांनी महिन्यातून दोनदा एका खोलीत बसायचं आहे. पहिलं पद भरावं ते पट्टे, कॅलिपर, स्प्लिंट बनवणाऱ्या तंत्रज्ञाचं. लोक त्याला ‘कॅलिपरवाला’ म्हणतात. पायाचं प्लास्टरचं माप घ्यायचं, त्यावर प्लास्टिक गरम करून बसवायचं, कडा घासायच्या, पट्टी लावायची, मुलाला चालवून बघायचं आणि जिथे घासतं तिथे पुन्हा गरम करून फुगवायचं, हे त्याचं काम. ते कुरिअरने होत नाही. माप नागपुरात दिलं आणि पट्टा घरी आला, की हमखास कुठेतरी टोचतो. टोचला की आई तो काढून खुंटीला लावते. मुलाचा पाय वाढतो तसा पट्टा वर्षाच्या आत बदलावाही लागतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो; प्लास्टिकखाली घाम साचतो, पुरळ येतं. आत लांब सुती मोजा घालायचा, पट्ट्याला भोकं पाडून हवा खेळती ठेवायची, दुपारी काढून रात्री बांधायचा, हे इथलंच माणूस सांगू शकतं.

बाकी सामान फार नाही. फूट-दीड फूट उंचीचा रुंद लाकडी पलंग, म्हणजे आईला मुलाशेजारी बसता येतं आणि मोठ्या माणसाला खुर्चीवरून सरकता येतं. गाद्या. समांतर दांड्या. उतार, आणि व्हीलचेअर आत जाईल असं स्वच्छतागृह. याच्याशिवाय दवाखाना उघडू नये, कारण मज्जारज्जूच्या रुग्णाची निम्मी काळजी लघवीची असते. प्लास्टरच्या पट्ट्या, सांध्याचा कोन मोजायचं साधं मापक. उभं राहण्याची चौकट आणि कोपऱ्यात बसायची खुर्ची आमच्याकडचे सुतार उत्तम करतात. त्यांना माप आणि कारण समजावून सांगितलं की ते स्वतःहून सुधारणा सुचवतात. माझ्याकडच्या उभं राहायच्या चौकटीला ताटाइतकी फळी पुढे लावायची कल्पना सुताराचीच. त्यावर मूल आता उभ्याने पोळी खातं.

फिनॉलचं इंजेक्शनही विसरू नये. ते बोटॉक्सच्या मानाने फार स्वस्त आहे. पण ते नेमक्या मज्जातंतूजवळ द्यावं लागतं, त्यासाठी तंतू शोधणारं यंत्र आणि सरावलेला हात लागतो, चुकलं तर त्रास होतो. असा हात एखाद्या डॉक्टरला प्रशिक्षणाला पाठवूनच तयार होईल. सेवाग्राम, सावंगी, नागपूर इथली वैद्यकीय महाविद्यालयं जवळ आहेत. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची भौतिक वैद्यक आणि पुनर्वसनाची संस्था आहे. एका तरुण डॉक्टरला काही महिने सोडणं एवढं अवघड नसावं.

दवाखान्याची खरी मालमत्ता मात्र वही. प्रत्येक रुग्णामागे एक पान आणि त्या पानावर सर्वांत वर एकच ओळ: घरच्यांना काय हवं आहे. ‘दोन मांड्यांच्या मधात हात गेला पाहिजे.’ ‘बुवाले सदऱ्याच्या बाहीत हात घालता यावा.’ ‘शाळेत बाकावर बसावं.’ आम्ही उपचार करणारी मंडळी ताठपणा 0 ते 4 या आकड्यांत मोजतो, तो आकडाही खाली लिहावा. पण आकडा उतरला आणि बाही चढली नाही, तर उपचार झाला असं मी मानत नाही. आणि उलटही घडतं. कधी कधी माणूस त्या ताठ पायावरच उभा असतो. ताकद गेलेली असते, ताठपणाच त्याला खांबासारखा धरून ठेवतो. गोळीने तो सैल केला तर चालणारा माणूस खाटेवर येतो. किती सैल करायचं आणि कुठे हात लावायचा नाही, हे त्याला चालताना पाहून, त्याच्याशी बोलून ठरतं, आणि त्याला वेळ लागतो. रोजच्या ओपीडीच्या रांगेत तो वेळ कुठल्याच डॉक्टरला देता येत नाही. म्हणून वेगळा वार.

वार कोणता ठेवायचा, हेही जिल्हा ओळखून ठरवावं. बाजाराच्या दिवशी गाड्या जास्त असतात, गावातली चार माणसं सोबत असतात. कापूस वेचणीच्या दिवसांत आई येणार नाही, कारण त्या मजुरीवर वर्षाचं गणित चालतं. तेव्हा आजी किंवा आजोबांना शिकवून ठेवावं आणि आशाताईंमार्फत निरोप ठेवावा. आमचा जिल्हा असा पसरलेला आहे की प्रत्येक कोपऱ्याचं मोठं शहर वेगळं. उमरखेडचे लोक नांदेडला जातात, वणीचे चंद्रपूर-नागपूरला, पांढरकवड्याचे नागपूर नाहीतर आदिलाबादला. झरी जामणीतल्या कोलाम आदिवासींच्या पोडावरून, म्हणजे वस्तीवरून, तान्हं मूल घेऊन निघालेल्या बाईला यवतमाळही लांबच. एसटीत महिलांना 2023 पासून अर्धं तिकीट आहे, दिव्यांगांनाही सवलत आहे. पण दहा वर्षांचं ताठ मूल कडेवर घेऊन एसटीच्या पायऱ्या चढणं तिकिटाने सोपं होत नाही. त्यासाठीच उपजिल्हा रुग्णालयांतल्या खोल्या. मोठा दवाखाना यवतमाळला, आणि व्यायाम, पट्ट्याची दुरुस्ती, गोळ्या घराजवळ.

गोळ्यांवरून एक इशारा देते. बॅक्लोफेन ही या आजारातली नेहमीची गोळी. ती एकदम बंद करायची नसते. अचानक थांबवली तर ताप, भ्रम, झटके येऊ शकतात, जिवावरही बेतू शकतं. खेड्यात गोळी संपली की माणूस ‘पुढच्या बाजाराला आणू’ म्हणून थांबतो. ज्या दवाखान्याने ती सुरू केली त्याने ती तालुक्याला मिळेल याची सोय केली पाहिजे. आणि घरच्यांनी लक्षात ठेवावं की ताठपणा अचानक वाढला तर आधी कारण शोधायचं. बद्धकोष्ठ, लघवीतला जंतुसंसर्ग, पाठीला पडलेली जखम, अंगठ्यात रुतलेलं नख, यांतल्या कशानेही अंग जास्त आवळतं. नख काढलं की पाय सैल झालेला मी पाहिला आहे. डोस वाढवायची गरजच पडली नाही.

सरकारच्या योजना नाहीत असं नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये सुरू झाला, त्यात अंगणवाड्या-शाळांतून मुलं तपासायची पथकं आणि जिल्ह्याला शीघ्र हस्तक्षेप केंद्राची तरतूद आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सेरेब्रल पाल्सीचं नाव आहे. राष्ट्रीय न्यासाची निरामय विमा योजना या मुलांना वर्षाला एक लाखापर्यंत खर्च देते आणि त्यात थेरपीही बसते. पात्र असलेल्या किती पालकांना ती माहीत आहे, हे माझ्या दारात रोज दिसतं. पण बाल स्वास्थ्य कार्यक्रम अठराव्या वर्षी हात सोडतो. एकोणिसाव्या वर्षी ताठपणा थांबत नाही. आणि विहिरीत पडून, मोटारसायकलवरून पडून मज्जारज्जू दुखावलेला तिशीतला तरुण, लकव्यानंतर नखं तळव्यात रुतून तळहात सडू लागलेले काका, यांच्यासाठी तर अठराच्या आतलीही सोय नाही. त्या काकांची मूठ उघडायची तर आधी मनगट खाली वाकवायचं, मग अंगठा मुळापासून बाहेर घ्यायचा, बोटं आपोआप ढिली होतात. धुवायचं, कोरडं करायचं, सुती कापडाची गुंडाळी द्यायची. त्यांच्या सुनेला हे एका दुपारी आलं.

ही वाट महाराष्ट्राला नवी नाही. मुंबईत 1972 साली डॉ. मिथू अलूर यांनी स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली, ती त्यांच्या मुलीला शाळेत कोणी घेत नव्हतं म्हणून. शिक्षण आणि उपचार एका छताखाली आणायचे, ही कल्पना तेव्हापासून महाराष्ट्रात रुजलेली आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच बाईला शिकवून घरात जाऊन बाळं वाचवता येतात हे दाखवलं, 1999 साली ते ‘लॅन्सेट’मध्ये छापूनही आलं आणि पुढे देशाच्या धोरणात आलं. बाळं वाचवायला आपण शिकलो. त्यांतल्या काहींचं अंग पुढे ताठणार, हे त्या वाचवण्यातच आलं. त्या बाळांची जबाबदारीही आपलीच.

पैसा आहे. स्थानिक संस्थांनी स्वउत्पन्नाचे 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. वणी-मुकुटबन पट्ट्यातल्या कोळसा आणि चुनखडीच्या खाणींमुळे जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडे निधी येतो, आणि 2015 च्या प्रधानमंत्री खनिज क्षेत्र कल्याण योजनेच्या प्राधान्यक्रमात आरोग्य आणि वृद्ध-दिव्यांगांचं कल्याण, दोन्ही आहेत. एक पट्टे बनवणारा तंत्रज्ञ, एक वही सांभाळणारी समाजसेविका, एक भट्टी, एक फ्रिज, काही प्लास्टिकच्या चादरी आणि ठरावीक बाटल्या औषध. जिल्हा नियोजन समितीच्या एका बैठकीत बसेल एवढाच हा विषय आहे.

वाचकांपैकी ज्यांच्या घरात, गल्लीत, नात्यात असं बाळ आहे की चार-पाच महिन्यांचं होऊनही मान धरत नाही, मुठी मिटूनच ठेवतं, उभं धरलं की पाय एकमेकांवर चढवतं, वर्षाच्या आतच एकच हात वापरतं, त्यांनी ‘मामाही उशिरा चालला होता’ हे ऐकून थांबू नये. बालरोगतज्ज्ञाला दाखवावं, फिजिओथेरपिस्टकडे जावं. मालिश करायची तर करावी, पण हळू. झटका देऊन पाय ‘मोकळे’ करणाऱ्याच्या हाती देऊ नये, अशा मुलांची हाडं ठिसूळ असू शकतात. आणि बाकी सगळ्यांना विनंती की येत्या ग्रामसभेत, नगरपरिषदेच्या सभेत उठून विचारा: दिव्यांगांचे पाच टक्के कशावर खर्च झाले? उत्तर लेखी मागा, आणि त्याच अर्जात यवतमाळच्या या दवाखान्याची मागणी जोडा.